पाण्याचं चित्र

४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस नमस्कार.

खेळणी धुऊन चादरीवर वाळत घातली होती आणि मी बिस्किटांचे तुकडे करत बसले होते. एका बिस्किटाचे आठ. सुरी जरा तिरकी धरली की चुरा होत नाही. त्याआधी दोन्ही खोल्यांची फरशी पुसली, छोट्या खुर्च्यांचे पाय तपासले (एकीचं रबर रोज निघतं), साबणाचे फुगे उडवायच्या बाटल्या भरल्या आणि चित्रांची कार्डं मोजून पाटीवर चिकटवली. बेचाळीस. बाहुलीचं कार्ड कपाटाखाली गेलं होतं, ते पट्टीने ओढून काढलं. तुम्ही मागे विचारलं होतंत, "तिथे दिवसभर करतेस तरी काय?" तर साडेआठपर्यंत हे करते. नऊला मुलं येतात.

त्या दिवशी मुलांच्या आधी ती आली. खांद्याला पिशवी, केस कापलेले, पायात आवाज न करणारे बूट. मोठ्या मॅडम मागून आल्या आणि म्हणाल्या, "ह्या आपल्या नव्या थेरपिस्ट. मुलांच्या वर्तनावर उपचार करण्याची पदवी आहे त्यांच्याकडे. आणि ह्या आमच्या काकू." बस्स. तिची पदवी सांगितली, माझं वय सांगितलं.

मी हसले आणि बिस्किटाचा चुरा केला.

वन्सं, हे गेल्यावर मी इथे सेंटरला खेळणी धुवायला लागले, ते तुम्हाला माहीत आहे. पण मॅडमच्या कपाटातली पुस्तकं मी एकेक करून घरी नेली आणि वाचली, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ह्यांनी बाइंडिंगला आणलेल्या पुस्तकांतली सुटी पानं वाचून माझी सातवीनंतरची शाळा झाली. त्यामुळे मला अर्धवट कळलेलं पान परत परत वाचायचा कंटाळा येत नाही. दोन वर्षांनी मॅडमनी मला मुलांसोबत बसवलं. आमच्याकडे एखादं मूल बोलत नाही, कुणी चावतं, कुणी हात लावू देत नाही. आम्ही त्यांना एखादी गोष्ट अगदी बारीक तुकडे करून शिकवतो आणि प्रत्येक वेळी कागदावर खूण करतो. मुलाने आपणहून केलं तर 'स्व'. हात धरून किंवा इशारा देऊन करवून घेतलं तर 'म', म्हणजे मदतीने. दिवसाला दोनशे खुणा होतात. बोटं दुखतात.

माझ्याकडे एक मुलगी आहे, पाच वर्षांची. बोलत नाही. स्वतःभोवती फिरते, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. तहान लागली की डोकं आपटायची. पाण्याचं चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं, म्हणजे पाणी मिळतं, एवढं तिला शिकवायला मला चार महिने लागले. आता माझ्याकडे मागते. तिच्या आईकडे अजून मागत नाही. घरात त्या दोघीच. आई दिवसभर दुकानात काउंटरवर उभी असते आणि आता तिचा धीर सुटलाय. लांबच्या एका निवासी शाळेचा फॉर्म तिने आणून ठेवलाय. मला म्हणाली, "काकू, मार्चअखेरपर्यंत तिने माझ्याकडे एकदा जरी पाणी मागितलं ना, तर मी तिला कुठे पाठवणार नाही. नाहीतर मी काय करणार? मला तिचं काही कळतच नाही."

तर त्या दिवशी ही पदवीवाली खोलीत आली, भिंगरीला फिरताना पाहिलं आणि स्वतःही फिरायला लागली. मोठी बाई, गरगर गरगर! मग धपकन खाली बसली. भिंगरी थांबली. तिच्याकडे पाहिलं. आणि गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

चार महिन्यांत माझ्या मांडीवर तिने साधा हात ठेवला नाही, वन्सं.

तुमची भावजय

*

१२ फेब्रुवारी

चि. पुस्तकबाई हिला आशीर्वाद.

तुझं पत्र शिवणक्लासच्या मुलींना वाचून दाखवलं. गरगर फिरून धपकन बसली, इथे एक मुलगी एवढी हसली की सुई बोटात घुसली. तिच्या आईला काय सांगू ते तूच कळव.

अगं, मांडीवर डोकं ठेवलं तर ठेवलं. मांजरही ठेवतं. नवी माणसं आली की चार दिवस नवलाई असते. माझ्याकडे नाही का ती फॅशन डिझायनिंगवाली आली होती? कागदावर झगे असे काढायची की बघत राहावं. बाही बसवायला दिली तर उलटी बसवली.

पण तू गप्प बसू नकोस हो. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आतून चरफडशील आणि वरून "चहा घेता का" विचारशील. तुझी चार महिन्यांची मेहनत आणि उद्या नाव तिचं होईल. ती कुठे चुकते ते बघून ठेव आणि तुमच्या मोठ्या मॅडमच्या कानावर घाल. यात खोटं काही नाही. आपलं आहे ते आपण धरून ठेवायचं.

डोळ्यातून पाणी येतं, डॉक्टर म्हणाला शिवण कमी करा. त्याला म्हटलं, तू तपासणं कमी कर.

तुझी वन्सं

*

२६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुमचं ऐकलं.

मॅडमनी भिंगरीचा अर्धा वेळ पदवीवालीला दिला होता. त्यांचं म्हणणं, मूल एकाच माणसाकडे मागत असेल तर ते शिकलं असं म्हणता येत नाही. चार जणांकडे मागायला हवं. आधी ही, मग आई. पुस्तकात हे आहे. मी वाचलंय. तरी मॅडम सांगत असताना मला वाटत होतं, माझ्या चुलीवरचं भांडं उचलून कुणी दुसऱ्या चुलीवर ठेवतंय.

पण गंमत ऐका. भिंगरी तिच्याकडे मागतच नाही! तिच्या मांडीवर लोळते, तिचे केस ओढते, फुगे फोडते, आणि तहान लागली की डोकं आपटते. पाण्याचं चित्र समोर असतं, ग्लास समोर असतो, पदवी समोर असते. काही नाही. मग मी बसते, आणि दोन मिनिटांत माझ्या हातात चित्र. माझ्या कागदावर 'स्व', 'स्व', 'स्व'. तिच्या कागदावर ओळीने 'म'. आपला कागद ती पालथा ठेवते, शाळेतली पोरं ठेवतात तसा.

परवा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काकू, तुम्ही नक्की काय करता? मला दाखवा ना. मी सगळं तुमच्यासारखंच करते. तेच टेबल, तोच ग्लास."

मी म्हटलं, "जीव लावावा लागतो."

तिने मान खाली घातली. डब्यातलं अर्धं तसंच ठेवून उठली. मी माझं सगळं संपवलं.

त्याच संध्याकाळी मॅडमना सांगितलं, की तिच्याबरोबर बसून मूल बिघडतंय, तिच्याकडे खेळ जास्त आणि काम कमी. मॅडमनी दोघींचे कागद शेजारी ठेवून पाहिले. कागदच बोलत होते, मला फार बोलावं लागलं नाही. सोमवारपासून भिंगरी पूर्ण माझी. पदवीवाली सकाळी खेळणी धुते.

भिंगरीची आई दाराच्या काचेतून बघत असते. आज म्हणाली, "तुमच्याकडे बरी मागते." मला तो 'बरी' शब्द फार गोड लागला. खोटं कशाला सांगू? नंतर तिला पाच मिनिटं आत बसवलं. भिंगरीने तिच्याकडे पाहिलंही नाही. आईने शेवटी ग्लास स्वतःच तिच्या तोंडाला लावला.

हे असते तर त्यांना सांगितलं असतं. ते काही बोलले नसते, नुसतं बोटाने गोंद पुसत "हं" म्हणाले असते. ते "हं" ऐकून तीन वर्षं झाली, पण अजून मी घरी आले की आधी ते बसायचे त्या दाराकडे बघून बोलायला सुरुवात करते.

तुमची भावजय

*

६ मार्च

चि. पुस्तकबाईस आशीर्वाद.

शाब्बास! खेळणी धुवायला लावलीस तिला? आता बाई तुला 'मोठ्या मॅडम' म्हणायची वेळ आली.

तू लिहितेस ते मला नवीन नाही. काही हात असतातच तसे. शिकून येत नाही ते. आपल्याच घरातलं बघ ना. हॉस्पिटलात माझा भाऊ कुणाच्या हातून खात होता? अकरा दिवस. नर्स थकल्या, तू थकलीस, तू चमचा पुढे केलास की तोंड फिरवायचा, आणि मी बसले की गुमान वाटी संपवायचा. लहानपणीही तसाच होता. आई म्हणायची, ताईच्या हाताला काय चिकटलंय कोण जाणे. मी उगाच बढाई मारत नाही, जे होतं ते सांगते. तुझ्या हातालाही तसं काही असेल, तर देवाचे आभार मान आणि त्या डिग्रीबाईची कीव कर.

दुसऱ्या डोळ्यालाही आता तेच, डॉक्टर ऑपरेशन म्हणतो. क्लासमधल्या मुली सुईत दोरा ओवून देतात आणि वर म्हणतात, "बाई, आता आम्हीच बाई." चपराक दिली असती, पण दिसायला तर हवी कुठे बसते ती.

तुझी वन्सं

*

१४ मार्च

वन्सं,

नमस्कार लिहायचा राहिला असं समजू नका. लिहिला नाही.

तुम्ही बढाई मारत नाही म्हणता, आणि पानभर मारता. ते अकरा दिवस तुम्ही मला आठवण करून द्यायला नको होते. मला ते तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. रोज सकाळी मी पेज करून न्यायची, डबा पदरात गुंडाळून, गार होऊ नये म्हणून. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायची. चमचा पुढे केला की ह्यांचं तोंड तिकडे. हाक मारली तरी तिकडे. मग तुम्ही खिडकीच्या बाजूला टेकायचात, वाटी माझ्या हातातून घ्यायचात, आणि ते तुमच्याकडे बघून तोंड उघडायचे. मीच केलेली पेज! एकदा मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि माझा हात उलटसुलट करून बघितला. बावीस वर्षं ह्याच हाताचं जेवले होते. काय कमी होतं त्यात? शेवटपर्यंत ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लोक भेटायला आले तेव्हा म्हणत होते, "बहिणीवर फार जीव होता हो." मी चहा देत होते.

तुमचा हेवा मी तेव्हापासून करते. आज लिहिते, कारण तुम्ही हाताची गोष्ट काढलीत.

तर ऐका. हातात काही नसतं. मला पक्कं माहीत आहे. मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

फेब्रुवारीत एकदा उकाड्याने माझा चष्मा घसरला. मी बोटाने वर सारला. भिंगरी तेव्हा नुकतीच दोन ग्लास पाणी प्यायली होती, तहान काही नव्हती. तरी तिने पटकन पाण्याचं चित्र उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी ग्लास दिला, तर तिने तोंडातलं पाणी बाहेर सोडलं. मी थोडा वेळ थांबले आणि मुद्दाम चष्मा वर सारला. परत चित्र. परत सारला. परत चित्र. पाच वेळा केलं, पाचही वेळा.

म्हणजे ती पाणी मागत नव्हतीच. शिकवताना माझा जीव टांगणीला लागायचा, आता उचलेल, आता उचलेल, आणि मी नकळत चष्म्याला हात लावायचे. ती ते शिकली. चष्मा वर गेला की चित्र द्यायचं. पदवीवालीला चष्मा नाही. तिच्या आईला चष्मा नाही.

पुस्तकाप्रमाणे हा इशारा झाला. कागदावर 'म' लिहायला हवं. मी 'स्व' लिहिते. पहिले काही दिवस कळत नव्हतं म्हणून लिहिलं. त्या दिवसानंतर कळून लिहिलं. "जीव लावावा लागतो" म्हटलं तेव्हा मला माहीत होतं, वन्सं.

आता सांगा काय चिकटलंय माझ्या हाताला.

फॉर्मची तारीख एकतीस आहे. आईने भिंगरीच्या कपड्यांवर नावं शिवायला घेतली आहेत. निवासी शाळेत कपडे सगळ्यांचे एकत्र धुतात म्हणून. मला रोज वाटतं सांगावं. मग पदवीवाली टबाशी वाकलेली दिसते, भिंगरी तिथेही जाऊन तिच्या पाठीला टेकून उभी राहते, आणि माझं तोंड बंद होतं.

भावजय

*

२० मार्च

चि. हिस,

हे पत्र मी क्लासमधल्या मुलीकडून लिहून घेणार होते, डोळ्यांमुळे. पण हे कुणाला सांगून लिहिण्यासारखं नाही. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

तू बरोबर लिहिलंस. हातात काही नसतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्याला ताटली दिली होती, स्वतः खातो का बघायला. त्याने उजव्या बाजूचं सगळं खाल्लं. डाव्या बाजूचं तसंच ठेवलं, जणू ताटली अर्धीच आहे. मी ताटली फिरवली, तर उरलेलं खाल्लं. मग मी डाव्या बाजूला जाऊन हाक मारली. तो उजवीकडे बघत राहिला, भिंतीकडे. ओ देतो, पण भिंतीला. मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, मेंदूच्या झटक्यानंतर काहींचं असं होतं. डावी बाजू त्यांच्यापुरती नसतेच. डोळे चांगले असतात, पण तिकडे कुणी आहे हे डोक्यात पोचत नाही. घरच्या सगळ्यांना सांगा, उजव्या बाजूने बसा.

घरच्या सगळ्यांना म्हणजे तुला. बाकी होतं कोण?

तुझी खुर्ची डावीकडे होती. खिडकी उजवीकडे, तिथे मी टेकायचे.

मी आज सांगते, उद्या सांगते केलं. दुसऱ्या दिवशी तू पेज घेऊन आलीस आणि त्याने माझ्याकडे तोंड केलं, आणि तुझा चेहरा उतरला. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. तू घरात आल्यापासून तो माझ्याकडे पाहुण्यासारखा यायचा. शिवलेला शर्ट घालून बघायलाही तुला विचारून. मी वाढवलं होतं त्याला. त्या दिवसांत मला तो परत मिळाल्यासारखा वाटला. वाटलं, दोन-चार दिवस घेते, मग सांगते. तो अकराव्या दिवशीच जाईल, हे मला काय माहीत.

त्यानंतर कसं सांगणार होते?

त्याने तोंड तुझ्यापासून फिरवलं नव्हतं. तू तिथे आहेस हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन-तीनदा त्याने मला विचारलंही, "ती नाही आली आज?" तू तेव्हा शेजारी बसलेली. त्याचं बोलणं तेव्हा जडच झालं होतं, तुला शब्द कळले नसतील. मला कळले. मी त्याला म्हटलं, येईल.

आणखी लिहवत नाही.

वन्सं

*

४ एप्रिल

चि. हिस,

पंधरा दिवस झाले. शिव्या घालायच्या तर घाल, पण लिही. पोस्टमन आता मला बघून आधीच मान हलवतो.

वन्सं

*

१० एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र पंचवीस तारखेला मिळालं. दोन दिवस सेंटरला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता. घरातला एकूणएक डबा घासला. मग तुमचं पत्र परत वाचलं आणि डबे परत घासले.

ह्यांनी माझ्यापासून तोंड फिरवलं, हे तीन वर्षं घेऊन बसले होते. आता कळलं, मी शेजारी असताना ते माझी वाट बघत होते. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही. चार पावलं चालून पलंगाच्या पलीकडे जायचं होतं. चार पावलं! तुम्हाला माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही. पुढे होईल की नाही माहीत नाही. पण पत्र लिहिणं बंद करणार नाही. तुमच्याशिवाय त्यांना ओळखणारं मला दुसरं कोण आहे? डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. वाकडं अक्षर वाचायला मला वेळ लागतो.

आता इकडचं.

अठ्ठावीसला मी गेले. भिंगरीची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म, सगळा भरलेला, फक्त सही राहिलेली. मी शेजारून जात होते, तर म्हणाली, "काकू, एक विचारू? खरं सांगा. राग नाही येणार."

"विचारा."

"माझ्यातच काही कमी आहे का हो? तुमच्याकडे मागते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी आई आहे तिची. असं काय नाहीये माझ्या हातात?" आणि तिने खरंच हात पुढे केला, उलटा केला, सुलटा केला.

वन्सं, त्या क्षणी मी परत हॉस्पिटलच्या त्या जिन्यात होते. मी तिच्याजवळ बसले आणि तिथेच सगळं सांगितलं. चष्मा, 'स्व', सगळं. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मी रोज घरी जाऊन रडत होते, आणि तुम्ही चष्मा वर करत होतात."

"हो."

"आणि ती मागत नव्हतीच? तुमच्याकडेही?"

"माझ्याकडेही नाही. एकदाही नाही."

ती उठली. मला वाटलं मारते. मारलं असतं तरी चाललं असतं. पण ती फॉर्म घेऊन सरळ मॅडमच्या खोलीत गेली, आणि मी तिच्या मागे.

मॅडमनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सांगून झाल्यावर त्यांनी कपाटातून कागद काढले. "कुठल्या तारखेपासून खोटे?"

"नऊ फेब्रुवारीपासून. त्याच्या आधीचे चुकीचे आहेत, पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मी त्या मुलीला टबाशी बसवली, काकू. तुमच्या शब्दावर."

"हो."

"तिने तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं होतं. मी तिला म्हटलं, जीव लावावा लागतो."

मॅडमनी डोळे मिटले आणि पदवीवालीला हाक मारली. ती ओल्या हातांनीच आली. मॅडमनी सांगितलं. मी मान खाली घालून उभी. आता ओरडेल, नाहीतर रडेल. पण ती म्हणाली, "कुठल्या हाताने सारता, काकू?"

"काय?"

"चष्मा. उजव्या की डाव्या? आणि दरवेळी चित्र यायच्या किती आधी?" आणि खिशातून पेन काढून तिने हातावरच लिहून घेतलं.

मी सगळ्या जगाचं वाईट करून उभी होते, आणि तिला फक्त हे सोडवायचं कसं ते हवं होतं. मला तिचा तेव्हाही हेवा वाटला. आधीपेक्षा जास्त वाटला. फक्त या वेळी तो कशाचा आहे हे मला कळत होतं.

बाहेर जाताना मात्र तिने दारात थांबून म्हटलं, "मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, की मला मुलांवर प्रेमच करता येत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते." आणि गेली.

मॅडम आईला म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू करावं लागेल. पण या वेळी दोन माणसं लागतील. ज्याच्याकडे मागायचं तो मुलीच्या समोर बसेल. त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसता हात उघडा ठेवायचा. दुसरा मुलीच्या मागे बसेल. तो तिचा हात धरून चित्रापर्यंत नेईल आणि रोज थोडा थोडा कमी धरेल. मागचा माणूस मुलीला दिसत नाही. तिच्यापुरता तो नसतोच. म्हणून ती समोरच्याकडे मागायला शिकते."

आईने विचारलं, "किती दिवस?"

"सांगता येत नाही."

तिने फॉर्मकडे पाहिलं. एकतीसला अजून तीन दिवस होते. सही केली नाही, फाडलाही नाही. पिशवीची चेन लावून म्हणाली, "त्यांना महिनाभराची मुदत मागून बघते." मग माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, "समोर मी बसणार. रोज. दुकानात सांगते मी."

"आणि मागे?" मॅडमनी विचारलं.

पदवीवाली दारापाशी परत आली होती. ती म्हणाली, "तिचा हात सगळ्यात जास्त काकूंना माहीत आहे. कागद मी लिहीन."

आईने ह्यावर हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला गेले. नऊ फेब्रुवारीपासूनच्या प्रत्येक कागदावरचा 'स्व' खोडून त्याच्याशेजारी 'म' लिहिलं आणि खाली सही केली. खेळणी पदवीवालीच्या आधी धुऊन टाकली. नऊला भिंगरीच्या आईला टेबलाच्या त्या बाजूला, भिंगरीसमोरच्या खुर्चीत बसवलं, तिचा हात उघडून टेबलावर कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि मी जाऊन भिंगरीच्या मागे जमिनीवर बसले.

भावजय